चार नंबरचं टेबल

मी नऊ वर्षं चिप तपासत होते असं सांगितलं, की समोरच्याचा प्रश्न ठरलेला: "बटाट्याच्या?" बरं, ज्या चकतीतून ती चिप कापून निघते तिला वेफर म्हणतात, त्यामुळं खुलासा करायला जावं तर घोटाळा आणखी वाढतो. माझ्या आईनं शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगितलं, की आमची सुशीला बी.एस्सी. करून वेफरच्या कारखान्यात सुपरवायझर लागली. एका मावसभावानं स्वतःच्या लग्नात पंगतीसाठी दोन पोती स्वस्तात मागितली होती.

आमच्या चिप कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीच्या होत्या. ऐंशी सालाच्या आगेमागे नागपूरबाहेर, हिंगण्याच्या रस्त्यावर, एका लांबट पांढऱ्या शेडमध्ये आम्ही पन्नास-साठ जण हे काम करत होतो. पुढं बाहेरून त्याच चिप इतक्या स्वस्त येऊ लागल्या, की आमच्या कारखान्याला कुलूप लागलं. तिथं नंतर प्लायवुडचं गोदाम झालं आणि मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. या अंकाच्या संपादकांनी "त्या दिवसांबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मावसभावाच्या पोत्यांसारख्या बऱ्याच गमती सांगता येतील असं वाटलं होतं. लिहायला बसले तर कमलच समोर येऊन उभी राहिली. तेव्हा तिच्याबद्दलच लिहिते.

आधी काम काय होतं ते सांगते. चांदीच्या पापडासारखी एक चकती परदेशातून यायची. तिच्यावर नखाच्या निम्म्याएवढे शेकडो चौकोन कोरलेले. एक चौकोन म्हणजे एक चिप. त्या एका चौकोनात सोळा हजारांवर घरं, आणि प्रत्येक घरात विजेचा थेंब आहे किंवा नाही, एवढंच. आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. कॉम्प्युटरची सगळी आठवण या आहे-नाहीवर चालते. त्यातून ही घरं गळकी. डोळ्याची पापणी लवण्याआधी प्रत्येक घर पुन्हापुन्हा भरत राहावं लागतं, नाही तर कॉम्प्युटर सगळं विसरतो.

आमच्याकडं ती चकती कापायची, एकेक चौकोन धातूच्या सांगाड्यावर चिकटवायचा, आणि चौकोनाच्या कडेला असलेल्या अॅल्युमिनियमच्या टिकल्यांपासून सांगाड्याच्या पायांपर्यंत सोन्याच्या तारा जोडायच्या. सोळा तारा, केसाहून बारीक. मग त्यावर काळं प्लास्टिक ओतून बंद करायचं, भट्टीत तापवायचं आणि माझ्याकडं तपासायला पाठवायचं. माझं यंत्र प्रत्येक घरात एक लिहायचं आणि परत वाचायचं, मग शून्य लिहायचं आणि परत वाचायचं. सोळा हजारांतलं एक घर चुकलं तरी अख्खी चिप बाद. चांगल्या दिवशीसुद्धा टोपलीत बऱ्याच बाद चिप जमायच्या. बाहेरच्या माणसाला वाटायचं, ह्या बाया कामचुकार आहेत.

तारा जोडायच्या खोलीत आठ टेबलं होती, प्रत्येकावर एक सूक्ष्मदर्शक, ज्याला आम्ही सगळे दुर्बीणच म्हणायचो, आणि एक जोडणीयंत्र. आत पांढरा डगला, टोपी आणि बोटांवर रबरी टोप्या. पावडर, काजळ, गजरा सगळं बंद. कुंकवाच्या भुकटीवरून सुरुवातीला मोठं भांडण झालं होतं. शेवटी चिकटायच्या टिकलीवर तह झाला. एकदा एक सरकारी पाहुणे आले. दुर्बिणीत बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "यात आठवण नेमकी कुठं आहे?" मी म्हटलं, "साहेब, ती दिसत नाही. नसली तर मात्र लगेच समजते."

कमल चार नंबरच्या टेबलावर बसायची. आमच्याच वस्तीतली, आमच्यापासून चौथ्या घरात दिलेली सून. तिच्या आणि माझ्या आईबापांनी छप्पनच्या दसऱ्याला एकाच मैदानात दीक्षा घेतली होती, त्यामुळं ओळख जुनी. नवरा कापडगिरणीत होता. एक मुलगी होती, वर्षा. कमल सातवी शिकलेली, घरी बसून बिड्या वळायची. कारखान्यात जागा निघाली तेव्हा मीच तिला म्हटलं, अर्ज कर. भरतीची परीक्षा म्हणजे चिमट्यानं मोहरीचे दाणे उचलून रेघेवर मांडायचे. इतर बाया दहा-बारा दाण्यांनंतर सुस्कारे टाकत होत्या. कमलनं रेघ संपवली आणि विचारलं, "दुसरी रेघ ओढून देता का?"

वर्षभरात तिच्या हाताची जोडणी नमुना म्हणून नव्या बायांना दाखवली जाऊ लागली. यंत्र बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरनं तिच्या दुर्बिणीत पाहिलं आणि आपल्या जोडीदाराला हाक मारून बोलावलं. मग त्यानं तिच्यापुढं हात केला. कमलनं रबरी टोप्या चढवलेले हात वर धरून दाखवले, म्हणजे हात मिळवता येत नाही, आणि मान लववून "जयभीम" म्हणाली. तोही अगदी मनापासून "जयभीम" म्हणाला. ते आम्हाला महिनाभर पुरलं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, सुरू व्हायच्या आत कारखान्याचं एसी यंत्र बंद पडलं. सुटा भाग मुंबईहून यायला दोन महिने लागणार होते आणि माल तर वेळेवर द्यायचा होता. मे महिन्यात नागपुरात बंद खोलीत, वरून डगला-टोपी घालून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. दोन बायांना भोवळ आली. तेव्हा एक मोठा कूलर आणून भिंतीला भगदाड पाडून बसवायचं ठरलं. मी त्याला होकार दिला. एवढंच नाही, कमलचं टेबल पश्चिमेच्या भिंतीला, सगळ्यात तापणाऱ्या जागी होतं, म्हणून मी फिटर यादवरावांना म्हटलं, "याचं तोंड चार नंबरकडं करा. बिचारी भाजून निघते."

पहिला झोत आला तेव्हा कमलनं डोळे मिटून घेतले. "बापा! सुशे, तुले पुण्य लागन वं," ती म्हणाली. कारखान्यात ती मला मॅडम म्हणायची, पण त्या दिवशी विसरली.

पावसाळ्यात एसी दुरुस्त झाला, कूलर स्टोअरमध्ये गेला, भगदाड बुजवलं. आणि श्रावणात तक्रारी यायला लागल्या. आमच्याकडं तपासून पास झालेल्या चिप गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये दोन-दोन महिन्यांनी मरत होत्या. पेट्या परत आल्या. एका चिपचं प्लास्टिक आम्लात विरघळवून मी आत पाहिलं. तारा जागच्या जागी होत्या, सुंदर. पण त्यांच्या बुडाशी अॅल्युमिनियमच्या टिकल्या कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. हे मिठाचं काम. मीठ आणि थोडी ओल मिळाली की अॅल्युमिनियम सडतं, पण सावकाश, म्हणून आमच्या तपासणीत ते सापडलं नव्हतं.

प्रत्येक पेटीबरोबर एक कार्ड असायचं, कोणत्या टेबलावर काम झालं त्याचं. मी सगळी कार्डं लावून पाहिली. सडलेल्या बहुतेक चिप चार नंबरच्या होत्या. रिपोर्टाच्या छापील कागदावर टेबल नंबरच्या शेजारी कामगाराचं नाव लिहायचा रकाना होता. मी नाव लिहिलं.

आमचे मॅनेजरसाहेब पुण्याकडचे. कामाला वाघ, रविवारीसुद्धा यायचे. गिऱ्हाईक तुटलं तर कारखाना बंद पडेल या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "मीठ म्हणजे घाम. ही बाई बोटांवरच्या टोप्या काढून काम करत असणार."

"ती तसं करणार नाही, सर."

"तुम्ही तिला ओळखता, म्हणून असं वाटतं तुम्हाला. स्वच्छता ही घरची सवय असते, मिस सुशीला. नोकरीवर शिकवून येत नाही."

मिस सुशीलाचं घर आणि कमलचं घर एकाच गल्लीत आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी काही बोलले नाही. घरात कमावती मी एकटी होते, आणि आमच्या अख्ख्या वस्तीत केबिनमध्ये बसणारीही मीच एकटी.

त्यांनी कमलला केबिनमध्ये बोलावलं आणि मला परीक्षा करायला सांगितली. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाची परीक्षा आहे ती. शुद्ध पाण्यात हात धुवायचे, ते पाणी परीक्षानळीत घ्यायचं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. मिठाचा अंश असला की पाणी दुधाळ होतं. कमलनं काचेच्या भांड्यात हात धुतले. मी थेंब टाकले. पाणी दुधाळ झालं.

ते होणारच होतं. माणसाच्या कातडीवर मीठ असतंच. राजाचे हात धुतले तरी पाणी तसंच होईल. हे मला माहीत होतं, साहेबांना नव्हतं, आणि कमलला तर नव्हतंच. पण तिनं शहाण्या माणसासारखा प्रश्न विचारला.

"मॅडम, तुमचेही हात धुऊन पाहा ना. साहेबाचेही पाहा."

"विषय तुमच्या हातांचा आहे, बाई," साहेब म्हणाले.

कमल माझ्याकडं वळली. मॅडम गेलं, वस्तीतली भाषा आली. "सुशे, सांग न त्यायले. तुले तं माहीत आहे. मी कवा टोप्या काढल्या? तू रोज पाहून राहिली मले."

शेजारी स्टँडवर दुसरी परीक्षानळी रिकामी होती. शुद्ध पाण्याची बाटली माझ्या हातात होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी दुधाळ झालेली नळी धुतली, स्टँडला उलटी लावली आणि म्हणाले, "कमल, सध्या तू घरी जा. मग पाहू."

मग कुणी काही पाहिलं नाही. आठ दिवसांत तिचा हिशोब झाला. गिऱ्हाइकाला पत्र गेलं, की दोष शोधला आहे, संबंधित कामगाराला कमी केलं आहे. पुढच्या पेट्या चांगल्या निघाल्या. त्या निघणारच होत्या, पण सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच लावला. मीसुद्धा स्वतःला तोच अर्थ सांगितला. कदाचित काढत असेल टोप्या, मी काय चोवीस तास पाहत होते?

कमलनं वस्तीत माझ्याशी भांडण केलं नाही. नळावर मी आले की ती घागर उचलून बाजूला व्हायची. दिवाळीच्या सुमाराला ती वर्षाला घेऊन काटोलला माहेरी निघून गेली. गिरणीचंही तेव्हा खरं नव्हतं. नवरा नागपुरातच राहिला.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला स्टोअरसमोरून जात होते. यादवराव तोच कूलर कार्यालयात लावायचा म्हणून साफ करत होते. ते खसच्या ताट्या जमिनीवर आपटत होते आणि त्यांतून पांढरे पापुद्रे गळत होते. काळ्या फरशीवर पांढऱ्या चुऱ्याचा थर पडला होता.

"हे काय हो, यादवराव?"

"आपल्या विहिरीचं पाणी, मॅडम. लय खारं आहे. पंखा जोरात फिरला का हेच उडते. मागल्या साली चार नंबरची दुर्बीण मी किती डाव पुसली! रोज पांढरी धूळ."

"मला सांगितलं नाही तुम्ही," मी म्हटलं.

"तुमी इचारलं कुठं?" ते म्हणाले, आणि पुढची ताटी आपटली.

मी तो चुरा कागदात घेतला, पाण्यात विरघळवला, थेंब टाकले. दूध. नुसत्या दुधावर मी आता विश्वास ठेवणार नव्हते. उघड्या चिपचे दोन गठ्ठे घेतले. एक कूलरच्या झोतात ठेवला, एक बंद पेटीत. मग दोन्ही प्लास्टिकमध्ये बंद करून, सड लवकर दिसावी म्हणून ओलसर भट्टीत ठेवले, आणि शेवटी उघडून पाहिले. झोतातल्या चिपच्या टिकल्या सडल्या होत्या, अगदी तशाच. पेटीतल्या चकचकीत होत्या. या सगळ्याला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा आठवत होती, की कूलरचं तोंड चार नंबरकडं करा असं मीच सांगितलं होतं.

साहेबांनी रिपोर्ट शांतपणे वाचला. हुशार माणूस, एका वाचनात सगळं कळलं. चष्मा काढून ते म्हणाले, "काम उत्तम केलंत. कूलर यापुढं आत येणार नाही. पण आता गिऱ्हाइकाला काय लिहू? की आमचा कूलर होता आणि आम्ही बाईला काढलं? पुन्हा ऑर्डर देतील ते?"

"कमलला परत घ्यायला हवं, सर."

"जागा भरली आहे." चष्मा पुसत ते म्हणाले, "मलाही बरं वाटत नाही. पण साठ घरं चालतात यावर."

त्या साठांत माझं एक होतं. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला.

रविवारी मी एस.टी.नं काटोलला गेले. आदल्या मृगात फुललेल्या बहाराची शेवटची संत्री बाजारात होती. एका व्यापाऱ्याच्या मांडवात सात-आठ बाया संत्री निवडत बसल्या होत्या. मोठं, मध्यम, बारीक, डागी. कमल फळाकडं फारसं न पाहता नुसत्या हातानं निवडत होती. मला पाहून ती उठली नाही. मी शेजारी तरटावर बसले आणि सगळं सांगितलं. कूलर, विहिरीचं पाणी, चिपचे दोन गठ्ठे. परीक्षानळीचंही सांगितलं, की माझे हात धुतले असते तरी पाणी तसंच झालं असतं, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

तिचे हात थांबले. "त्याच दिवशी?"

"हो."

हातातलं संत्रं तिनं खाली ठेवलं आणि विचारलं, "हे कागदावर लिवलं का तू?"

"लिहिलं. साहेबांना दिलं."

"त्यात माह्यं नाव आहे?"

मी आठवून पाहिलं. दुसऱ्या रिपोर्टात यंत्र होतं, पाणी होतं, मीठ होतं. "चार नंबरचं टेबल असं आहे," मी म्हटलं.

"पहिल्या कागदात तं माह्यं नाव होतं वं," कमल म्हणाली. "वाईट लिवाले नाव लागते, चांगलं लिवाले नंबर पुरते काय?"

तिनं पुन्हा संत्री निवडायला घेतली. मग खालच्या मानेनं सांगितलं, की वर्षा शाळेत कुणाशी भांडली होती. गिरणीतल्या कुणाच्या तरी नातेवाइकाकडून गोष्ट काटोलपर्यंत पोचली होती. तुझ्या आईच्या घाणेरड्या हातानं मशिनी सडल्या, असं पोरी म्हणाल्या. "मंग पोरगी घरी आली अन् माहे हात पाहून राहिली. बोलली काहीच नाही. नुसती पाहून राहिली."

नागपूरला परतल्यावर मी एक पत्र लिहिलं, मराठीत, सातवीतल्या वर्षाला वाचता येईल असं. कमल हे नाव आणि तिचं आडनाव पहिल्याच ओळीत घातलं. चिप का सडल्या ते लिहिलं. तिच्या हातांमुळं काहीही बिघडलं नव्हतं आणि तिच्यासारखं काम खोलीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं, हे लिहिलं. परीक्षा अर्धवट करून मी गप्प बसले, हेही लिहिलं. साहेबांकडं शिक्का मागितला. त्यांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "कंपनीचा शिक्का मला देता येणार नाही. तुम्ही तुमच्या सहीनं द्या. मी पाहिलं नाही असं समजेन." मी खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि घरचा पत्ता लिहिला.

जूनमध्ये पुन्हा काटोलला गेले. या वेळी कमलच्या माहेरी, घरी. तिनं कागद हातात घेतला, पण स्वतः वाचला नाही. "वर्षे, इकडं ये. मोठ्यानं वाच."

वर्षा दारात उभी राहून वाचायला लागली. "अॅल्युमिनियम" शब्दावर दोनदा अडखळली. आईचं नाव आलं तिथं थांबली आणि आमच्याकडं पाहिलं. पुढं माझ्या गप्प बसण्याचं वाक्य आलं, तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यापेक्षा पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कमल भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अजून एकदा वाच."

दुसऱ्यांदा वर्षा अडखळली नाही.

कमलनं पत्र घडी करून पेटीत, दीक्षेच्या फोटोखाली ठेवलं. चहा केला. चहा पिताना आम्ही पावसाचं बोललो, माझ्या आईच्या गुडघ्यांचं बोललो. मग ती मला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. रस्त्यात मी म्हटलं, "मी येत जाईन अधूनमधून. वर्षाच्या पुस्तकांचं पाहीन. विज्ञान शिकवीन तिला."

कमल थांबली. रागानं नाही बोलली, हे मला नक्की आठवतं. अगदी समजुतीनं बोलली.

"पोरीले आता माहीत झालं, तेवढं पुरे. कागद ठेवतो मी. पण तू येत नको जाऊ, सुशे. मागल्या डावी तू येऊन गेली, अन् मी दिवसभर हातच धूत राहिलो."

गाडी लागली होती. मी चढले. त्यानंतर मी काटोलला गेले नाही.